मोबाईल हाती, जबाबदारी माथी!



गावातली आशाताई म्हणजे शेतकऱ्याच्याच घरची लेकसून. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि साधारण हजार वस्तीमागे एक, अशी तिची नेमणूक झाली. सरकार तिला ‘स्वयंसेविका’ म्हणते, कारण कर्मचारी म्हटले की पगार द्यावा लागतो. आता तिला शिकवण्याचाही स्वस्त मार्ग ‘इंडिया’ला सापडला आहे. तालुक्याला बोलवायला नको, प्रवासखर्च नको, भत्ता नको, शिकवणारा नको. मोबाईलवर पाठ पाठवायचा, शेवटी चार प्रश्न विचारायचे, प्रमाणपत्र निघाले की प्रशिक्षण पूर्ण!

आम्ही यंत्राचे वैरी नाही. नवे तंत्रज्ञान शेतकऱ्याच्या हाती यावे म्हणून आपणच भांडत आलो आहोत. बिहारमध्ये २०१२ पासून साध्या फोनवर ऐकण्याचे पाठ सुरू झाले. त्यासाठी भारी मोबाईल लागत नव्हता, इंटरनेट लागत नव्हते. शिकलेल्याची उजळणी म्हणून ते उपयोगी होते. २०२० साली कोरोनात माणसे जमवणे शक्य नव्हते, तेव्हा केंद्र सरकारने ‘दीक्षा’ मंचावर पाठ ठेवले, तेही समजण्यासारखे होते. आमचा विरोध मोबाईलवर शिकवण्याला नाही. शिकवणे टाळण्यासाठी मोबाईल पुढे करण्याला आहे.

आशाताईने काय शिकायचे असते ते पाहा. नवजात बाळाचा श्वास मोजायचा. बाळ शांत असताना, छाती उघडी करून, पूर्ण एक मिनिट. मिनिटाला ६० किंवा जास्त भरला तर पुन्हा मोजायचा, आणि तितकाच आला तर ताबडतोब दवाखाना. पडद्यावर हे पाच मिनिटांत दिसते. पडद्यावरच्या खोलीत उजेड असतो, बाळ निजलेले असते. आपल्या घरात बाळंतिणीच्या खोलीत अंधार, बाळ रडतेय, सासू आत येऊ देत नाही. अशा वेळी हात स्थिर ठेवायला पडदा शिकवत नाही. द्राक्षाची छाटणी कोणी पुस्तक वाचून शिकला आहे काय? आणि छाटणी चुकली तर एक हंगाम जातो. इथे चूक झाली तर बाळ जाते.

गावच्या बाईला हे जमत नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. जामखेडला १९७० पासून आरोळे दांपत्याने ज्या बायकांना तयार केले, त्यांतल्या कित्येकींना अक्षरओळख नव्हती. त्या दर आठवड्याला केंद्रावर जमत, गावातले अनुभव सांगत आणि त्यातून शिकत. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने ३९ गावांत गावच्याच बायका शिकवल्या. तिथे नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले, आणि १९९९ साली ‘लॅन्सेट’ने ते जगापुढे मांडले. पण तिथे दर पंधरवड्याला डॉक्टर गावात येई, नोंदी तपासी, चूक दाखवी. पुढे देशभरच्या आशांनी नवजात बाळाची जी घरगुती सेवा शिकली, तिची मुळे या कामात आहेत. सरकारने काम उचलले. पंधरवड्याला येणारा माणूस मात्र महाग वाटला!

शेतीत आपण हाच खेळ पाहिला आहे. सल्ला फुकट मिळतो. पीक बुडाले की सल्ला देणारा नामानिराळा, कर्ज शेतकऱ्याच्या माथी. उद्या बाळ दगावले तर वरचा साहेब म्हणेल, “बाईंनी पाठ पूर्ण केला होता, हे पाहा प्रमाणपत्र.” म्हणजे ते प्रमाणपत्र आशाताईच्या ज्ञानाचे नव्हे, साहेबाच्या सुटकेचे!

शिवाय हा पाठ ती केव्हा पाहणार? रानातून आल्यावर, चूल आवरल्यावर, स्वतःची झोप मोडून. त्या वेळेचे दाम कोण देणार? दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी सहा खेपा घालायच्या, त्याचे ठरवले २५० रुपये. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने आशांचा गौरव केला. आणि २०२३ च्या ऑक्टोबरात महाराष्ट्रातल्या आशांना संपावर जावे लागले. ऑनलाईन कामाची सक्ती नको, हीही त्यांची एक मागणी होती. सत्काराने पोट भरत नाही.

म्हणून जिल्हा बैठकीत आपण हा ठराव मांडू :

१. पहिले शिक्षण प्रत्यक्ष, हाताला धरून. मोबाईल फक्त उजळणीला.

२. पाठ पाहण्याचा वेळ हे काम. त्याचा भत्ता, फोन आणि रिचार्ज सरकारचे.

३. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या माणसाने गावात येऊन तिचे काम पाहिल्याशिवाय प्रमाणपत्र नाही.

४. पाठ तिच्या बोलीत. मराठीत तसेच गोंडी, कोरकू, भिलीत. साध्या फोनवर ऐकता येतील असे.

आपल्या आशाताईला बैठकीला बोलवा. पहिले बोलणे तिचे होऊ द्या. पाळण्यापाशी उभे राहायची वेळ तिच्यावर येते, आणि पाळण्यातले लेकरू आपले असते.