पाहुणचार आणि पारख

परगावच्या विद्यापीठात पाऊल ठेवताच खिशातील फोन तेथील बिनतारी जाळ्याला आपोआप जोडला जावा, ही सोय आज शंभराहून अधिक देशांत उपलब्ध आहे. ‘एड्युरोम’ नावाच्या या व्यवस्थेचा प्रारंभ २००३ मध्ये युरोपात झाला. भारतात तिचा कारभार ‘अर्नेट इंडिया’ पाहते. यजमान विद्यापीठाने केवळ दार उघडायचे. पाहुण्याची ओळख पटवायची ती त्याच्या मूळ संस्थेने, असे तिचे तत्त्व आहे. पासवर्ड सांकेतिक आवरणात बंद होऊन मूळ संस्थेच्या सर्व्हरकडे जातो. वाटेत यजमानालाही तो वाचता येत नाही.

परंतु या रचनेची सारी मदार एका अटीवर आहे. समोरचा सर्व्हर आपल्याच संस्थेचा आहे काय, याची खातरजमा फोनने प्रमाणपत्र पाहून आधी केली पाहिजे. ती झाली नाही, तर कोणीही भामटा त्याच नावाचे खोटे जाळे आवाराबाहेर उभारू शकतो आणि फोन मुकाट्याने त्याच्या स्वाधीन होतो. ‘एमएस-चॅप’च्या दुसऱ्या आवृत्तीवर विसंबणाऱ्या संस्थांना तर हा धोका अधिकच. पासवर्ड कितीही कठीण असला, तरी त्यापासून बनणारी गुप्त किल्ली अशा संभाषणातून एका दिवसात हस्तगत करता येते, हे २०१२ मध्येच अमेरिकेत सिद्ध करून दाखवण्यात आले. त्याच पासवर्डाने टपालपेटी आणि गुणपत्रिकाही उघडत असतील, तर हानी केवळ इंटरनेटपुरती राहत नाही.

अशा वेळी विद्यार्थ्याच्या निष्काळजीपणावर बोट ठेवणे सोपे असते. पण ‘प्रमाणपत्र तपासू नये’ हा पर्याय निवडा, अशी सूचना संगणक विभागानेच फलकावर लावली असेल, तर दोष कोणाचा? तक्रारी कमी याव्यात म्हणून कुलूपच काढून टाकण्याचा हा प्रकार आहे. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्यात अर्थ नाही.

उपायही हाताशी आहेत. फोनची मांडणी बिनचूक करून देणारे ‘कॅट’ हे साधन संस्थांना विनामूल्य मिळते. पासवर्डाऐवजी प्रत्येकाला स्वतंत्र प्रमाणपत्र देण्याचा मार्ग त्याहून भक्कम आहे. त्यासाठी थोडे कष्ट आणि थोडी शिस्त लागेल, हे खरे. परंतु दूरच्या यजमानाने ज्या संस्थेच्या शब्दावर दार उघडायचे, तिने आपल्या माणसांच्या किल्ल्या सांभाळण्यात हयगय करावी, हे विद्यापीठ या नावाला शोभणारे नाही.