यश, समाधान आणि वैद्याची वही

नुकतीच पदवी घेतलेले तरुण वैद्य भेटावयास येतात, तेव्हा ‘व्यवसाय कसा वाढेल?’ हाच त्यांचा पहिला प्रश्न असतो. साडेचार वर्षांचे अध्ययन आणि वर्षभराचे आंतरवासी प्रशिक्षण आटोपून आलेल्यांनी अर्थार्जनाची चिंता करावी यात गैर काही नाही. जागेचे भाडे आणि कर्जाचा हप्ता कोणास चुकला आहे? परंतु सात-आठ वर्षांनी हीच मंडळी पुन्हा भेटतात, तेव्हा प्रश्न बदललेला असतो. रुग्ण येतात, पैसाही मिळतो, पण कामात मन रमत नाही, असे ती सांगतात. आम्हांस हा दुसरा प्रश्न अधिक गंभीर वाटतो.

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात वैद्याचे चार गुण सांगितले आहेत : शास्त्राचे निर्मळ ज्ञान, प्रत्यक्ष कर्माचा वारंवार अनुभव, दाक्ष्य आणि शौच. वाग्भटांनीही हेच चार गुण स्वीकारले. आपण सर्वांनी ते परीक्षेपुरते पाठ केले. पहिल्या तिहींविषयी निदान शिबिरांतून व चर्चासत्रांतून बोलले तरी जाते. कोहळा, काकडी यांवर छेदनाचा आणि पाण्याने भरलेल्या कातडी पिशवीवर भेदनाचा सराव सांगणाऱ्या सुश्रुताचार्यांचे दाखलेही दिले जातात. शौच मात्र हात धुण्यापुरते आणि स्वच्छ वस्त्रांपुरते उरले. आमच्या मते शौचाचा अर्थ स्वतःच्या कामाशी प्रामाणिक राहणे असाही घेतला पाहिजे. कार्यातील यश व समाधान या दोहोंचे मूळ आम्हांस तेथेच सापडले, तेही एका चुकीतून.

व्यवसायाच्या प्रारंभीच्या काळात शेतावर राबणारी एक मध्यमवयीन स्त्री सांधेदुखीसाठी आमच्याकडे आली. बोटे व मनगटे सुजलेली, सकाळी हात ताठरलेले. वेदना दिसली, वात आठवला, आणि आम्ही तेलाचा अभ्यंग व वर शेक सांगून मोकळे झालो. आठवड्याने ती परत आली ती रडवेली होऊन. “डॉक्टर, तेल लावल्यापासून बोटं मिटंनाशी झाली.” आम्ही तेल बदलून दिले! त्याच सुमारास एका वयोवृद्ध वैद्यांकडे सहज विषय निघाला. त्यांनी एवढेच विचारले, “जीभ पाहिलीत का हो?”

पाहिली नव्हती. पुढच्या भेटीत पाहिली तो जिभेवर जाड साका. भूक नाही, तोंडाला चव नाही, अंग जड. आमवाताची सामावस्था समोर उभी होती आणि तिच्यावर आम्ही स्नेहाची भर घालीत होतो. लंघन, वालुकेच्या पोटलीचा रूक्ष स्वेद व दीपन हा क्रम कोणत्याही द्वितीय श्रेणीच्या विद्यार्थ्यास ठाऊक असतो. आम्हांसही ठाऊक होताच. म्हणजे ज्ञान होते, चपळाईही होती. नव्हता तो थांबून पाहण्याचा संयम. आम्ही त्या बाईंस ‘आमचेच चुकले’ असे स्पष्ट सांगितले व तेल बंद केले. अग्नी सुधारल्यावर सुंठीच्या काढ्यातून एरंडतेल दिले. दीड-दोन महिन्यांनी त्या पुन्हा भाकरी थापू लागल्या. रोग समूळ गेला असे मात्र नाही. पावसाळ्यात दुखणे डोके वर काढीत असे. परंतु त्यांनी आम्हांस सोडले नाही, आणि पुढे त्यांच्या गावातून आलेले कित्येक रुग्ण त्यांच्याच सांगण्यावरून आले.

त्या परतल्या हे आमचे भाग्य. बहुतेक रुग्ण परतत नाहीत. मुकाट्याने दुसरा दवाखाना गाठतात, आणि ते बरे झाले असे आपण खुशाल गृहीत धरतो. वारंवार कर्म पाहण्याचा जो गुण चरकांना अभिप्रेत आहे, तो अशाने अंगी येईल कसा? तेव्हापासून आम्ही एक वही ठेवली. तीत बरे झालेले रुग्ण नाहीत. न आलेले व न सुधारलेले आहेत. ती चाळणे सुखाचे नसते.

चूक मान्य केली तर रुग्णाचा विश्वास उडेल आणि प्रकरण न्यायालयात जाईल, अशी भीती काही सहव्यवसायी व्यक्त करतात. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आली, त्यामुळे ही भीती निराधार नाही. तथापि वेळच्या वेळी केलेली प्रामाणिक नोंद वैद्याच्या बाजूनेच साक्ष देते, असे आम्हांस वाटते. गोंधळ होतो तो नोंद नसल्याने.

आता समाधानाविषयी. त्याच नवव्या अध्यायात वैद्याची चतुर्विध वृत्ती सांगितली आहे : मैत्री, आर्तांविषयी करुणा, साध्य रुग्णाविषयी प्रीती आणि मृत्यूच्या दारी पोहोचलेल्याविषयी उपेक्षा. मराठीत ‘उपेक्षा’ शब्दाला हेळसांडीचा वास येतो, म्हणून तरुणांना हा भाग खटकतो. येथे तिचा अर्थ आम्ही असा घेतो की, आपल्या हातात काय नाही हे ओळखून निराश न होता बाजूस होणे आणि रुग्णास खोटी आशा न दाखविणे. आज मधुमेहाच्या व वृक्कविकाराच्या रुग्णांना ‘समूळ बरे करू’ अशा जाहिराती सर्रास दिसतात. याप्य रोगाला सुखसाध्य म्हणून विकणाऱ्या वैद्याची धनप्राप्ती होत असेल. पण दर आठवड्यास तोच रुग्ण समोर येऊन बसतो तेव्हा त्याच्या डोळ्याला डोळा कसा द्यावा? सात-आठ वर्षांनी मन विटते त्याचे एक मोठे कारण हे असावे, अशी आमची शंका आहे. उलट ‘हा आजार जाणार नाही, पण आटोक्यात राहील’ असे पहिल्याच दिवशी सांगितले, तर सहा महिन्यांनी रात्रीची झोप लागू लागली एवढ्यानेही रुग्ण व वैद्य दोघेही संतुष्ट होतात. साध्यावरील प्रीती म्हणतात ती हीच असावी.

आपल्या मासिक सभांतून यशस्वी रुग्णांचे वृत्तांत वाचले जातात, टाळ्याही पडतात. वर्षातून निदान दोन सभा फसलेल्या चिकित्सांसाठी राखून ठेवाव्यात, अशी सूचना आम्ही कार्यकारिणीपुढे मांडली आहे. काही सदस्यांनी हसण्यावारी नेले, दोघांनी सभेनंतर बाजूस घेऊन होकार दिला. पहिल्या सभेस आमवाताच्या त्या पानासह आमची वही घेऊन आम्ही येऊ.