कोकण रेल्वेचे नाव टिकेल, विद्येचे काय?

रत्नागिरी स्थानक सोडून गाडी दक्षिणेकडे निघाली की थोड्याच वेळात पानवल नदीच्या दरीवरील पूल लागतो. ६४ मीटर उंचीचा हा पूल दीर्घकाळ देशातील सर्वांत उंच रेल्वेपुलांत अग्रस्थानी गणला गेला. उत्तरेकडे उक्षी आणि भोके यांच्या दरम्यान साडेसहा किलोमीटर लांबीचा करबुडे बोगदा आहे. २०१३ साली काश्मीरमधील पीर पंजाल बोगदा वाहतुकीस खुला होईपर्यंत देशातील सर्वाधिक लांबीचा रेल्वे बोगदा हाच होता. प्रवासी पूल पाहतो, बोगद्यातील काळोख अनुभवतो. पण दरी नेमकी कोठे ओलांडावी, डोंगर कोणत्या पातळीवर पोखरावा, हे ज्या विद्येने ठरवले ती विद्या कोणाच्या दृष्टीस पडत नाही. आज प्रश्न उभा राहिला आहे तो या अदृश्य विद्येचाच.

मे २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने कोकण रेल्वे महामंडळाच्या भारतीय रेल्वेतील विलीनीकरणास संमती दिली. गोवा, कर्नाटक व केरळ या अन्य भागधारक राज्यांची संमती त्यापूर्वीच मिळाली होती. महाराष्ट्राने दोन अटी घातल्या. ‘कोकण रेल्वे’ हे नाव कायम राहावे आणि राज्याने गुंतवलेले ३९६ कोटी ५४ लाख रुपये परत मिळावेत. दोन्ही अटी रास्त आहेत. तथापि तिसरी अट कोणाला सुचली नाही. गेल्या साडेतीन दशकांत या महामंडळात जे अभियांत्रिकी ज्ञान संचित झाले, ते अखंड राहील याची हमी कोणी मागितलेली नाही.

सल्लागार काय विकतो?

रेल्वे आणि शहरी वाहतूक क्षेत्रातील सल्लागार संस्था हा जगभरातील एक मोठा व्यवसाय आहे. फ्रान्स, जपान, जर्मनी, इटली, ब्रिटन, अमेरिका या देशांच्या संस्था पाचही खंडांत काम करतात. प्रवासी किती मिळतील याचा अंदाज, भूगर्भाची तपासणी, मार्गाची आखणी, सविस्तर प्रकल्प अहवाल, निविदेचा मसुदा, संकल्पचित्रांची छाननी, बांधकामावर देखरेख आणि अखेरची चाचणी, ही सारी कामे त्या करतात. प्रकल्पाच्या एकूण खर्चात त्यांच्या शुल्काचा वाटा लहान असतो. परंतु उर्वरित सारा खर्च कोणत्या दिशेने जाणार, हे त्यांच्या कागदावर ठरते. निविदेतील तांत्रिक अटी लिहिणाऱ्याच्या नजरेसमोर ज्या देशाची यंत्रे असतात, त्या देशाच्या कारखान्याला काम मिळण्याची शक्यता अधिक. म्हणूनच प्रगत राष्ट्रे आपल्या सल्लागारांना परराष्ट्र धोरणाचे अंग समजतात.

भारताला हा अनुभव नवा नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली. कंपन्यांच्या भांडवलावर पाच टक्के परताव्याची हमी हिंदुस्थानच्या तिजोरीतून दिली गेली; पण कंपन्यांची कार्यालये आणि त्यांचे सल्लागार अभियंते लंडनमध्ये होते. इंजिने, रूळ, पुलांचे लोखंड यांची निवड तेथे होई आणि मागणी ब्रिटनच्या कारखान्यांकडे जाई. घाट पोखरताना प्राण गमावले ते इथल्या मजुरांनी. शहाणपण मात्र बाहेरून आयात होत राहिले. लोकमान्य टिळकांनी ज्या स्वदेशीचा पुरस्कार केला, तिचा अर्थ कापडापुरता मर्यादित नव्हता. त्यांच्या जन्मभूमीत, रत्नागिरीत, त्या स्वदेशीचा अभियांत्रिकी अर्थ शंभर वर्षांनी प्रत्यक्षात उतरला, हा योगायोग विचार करण्याजोगा आहे.

आजही चित्र पूर्णपणे पालटलेले नाही. जपानच्या विशेष अटींच्या कर्जांत व्याजदर अत्यल्प असतो, पण किमान ३० टक्के वस्तू व सेवा जपानकडून घेण्याचे बंधन असते. जवाहरलाल नेहरू बंदरापर्यंत येणाऱ्या पश्चिम समर्पित मालवाहू मार्गासाठी असेच कर्ज घेण्यात आले. मुंबईच्या भुयारी मेट्रोची सर्वसाधारण सल्लागार संघटना प्रामुख्याने परदेशी कंपन्यांची होती. नागपूर मेट्रोत परदेशी संस्थांच्या जोडीला ‘राइट्स’ ही भारतीय शासकीय संस्था होती. यात बेकायदा काही नाही आणि या संस्थांकडून आपल्या अभियंत्यांना शिकायलाही मिळते. परंतु शिकण्याची अवस्था किती काळ चालू ठेवायची, हे शिष्यानेच ठरवायचे असते.

डोंगरांची पाठशाळा

कोकणात रेल्वे यावी म्हणून अ. ब. वालावलकरांनी आयुष्य वेचले. बॅ. नाथ पै यांनी संसदेत आवाज उठवला. प्रा. मधु दंडवते अर्थमंत्री आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना १९९० मध्ये महामंडळ स्थापन झाले आणि त्याची धुरा ई. श्रीधरन यांच्याकडे आली. सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग, ९० हून अधिक बोगदे आणि दोन हजारांच्या आसपास पूल असे हे काम होते. २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्ग खुला झाला आणि १ मे १९९८ रोजी रत्नागिरी येथे पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांनी तो राष्ट्राला अर्पण केला.

खरी परीक्षा त्यानंतर सुरू झाली. कोकणात वर जांभा, त्याखाली चिकट शेडी माती आणि तळाशी काळा कातळ अशी रचना ठिकठिकाणी आढळते. पावसाचे पाणी जांभ्यातून झिरपते, शेडीपाशी अडते आणि उतार घसरू लागतो. पेडणे येथील मऊ मातीतील बोगद्याने बांधकामाच्या वेळी अभियंत्यांना जेरीस आणले; २०२० मध्ये त्याच बोगद्याची भिंत कोसळली आणि २०२४ मध्ये त्यात पाणी शिरून वाहतूक थांबली. २२ जून २००३ रोजी वैभववाडीजवळ रुळांवर आलेल्या दरडीमुळे गाडी घसरून पन्नासहून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. पुढच्याच जूनमध्ये रायगड जिल्ह्यात मत्स्यगंधा एक्स्प्रेसला अपघात झाला. ही किंमत फार मोठी होती आणि ती विसरून कौतुक करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

त्या दुःखातून एक शास्त्र उभे राहिले. कापलेल्या उतारांचा कोन कमी करण्यात आला, दगड थोपवणाऱ्या जाळ्या बसल्या, पावसाळ्यासाठी वेगळे वेळापत्रक आले, मुसळधार पावसात ताशी ४० किलोमीटरची वेगमर्यादा ठरली. स्वयंचलित पर्जन्यमापक, पुलांवर पूरपातळीचा इशारा देणारी यंत्रे, पानवल पुलासारख्या ठिकाणी वाऱ्याचा वेग मोजणारी उपकरणे आणि दरडप्रवण जागी रात्रंदिवस गस्त घालणारे कर्मचारी, अशी व्यवस्था उभी राहिली. पाऊस, माती आणि रूळ यांच्या नात्याचे असे ज्ञान कोणत्याही परदेशी पाठ्यपुस्तकात तयार मिळत नाही. ते त्या मार्गावर पावसाळ्यामागून पावसाळे काढूनच मिळवावे लागते.

या ज्ञानाची मागणी कोकणाबाहेरही झाली. काश्मीर रेल्वेमार्गावरील कटरा भागातील दुर्गम टप्पा कोकण रेल्वेकडे सोपवण्यात आला. ६ जून २०२५ रोजी उद्घाटन झालेला चिनाब पूल नदीपात्रापासून ३५९ मीटर उंच आहे. त्याच वेळी खुला झालेला अंजी पूल १९३ मीटर उंचीच्या एकाच मनोऱ्यावर ९६ केबलांच्या आधाराने उभा आहे. या पुलांच्या संकल्पचित्रांत फिनलंड, जर्मनी आणि इटलीच्या संस्थांचा वाटा होता, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. त्याचबरोबर बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था, संरक्षण संशोधन संस्था आणि कोकण रेल्वेचे अभियंते यांनी त्या ठिसूळ डोंगरात हे काम तडीस नेले, हेही तितकेच खरे. नेपाळमधील जयनगर–कुर्था मार्गाला कोकण रेल्वेने गाड्या पुरवल्या. २०२२ पासून त्या धावत आहेत. रक्सौल–काठमांडू मार्गाच्या सर्वेक्षणाचे काम याच महामंडळाकडे आले. केरळात वायनाडकडे जाणाऱ्या जोड बोगद्याच्या रस्त्याचीही अंमलबजावणी त्याच्याकडे आहे. नेपाळमध्ये चीनही रेल्वेचे आराखडे घेऊन उभा आहे, हे ध्यानात घेतले तर अशा सर्वेक्षणाचे राष्ट्रीय मोल वेगळे सांगण्याची आवश्यकता उरत नाही.

दोन आक्षेप

येथे कोणी विचारील, १९७४ पासून ‘राइट्स’ आणि १९७६ पासून ‘इरकॉन’ या शासकीय कंपन्या परदेशांत काम करीत आहेत, दिल्ली मेट्रोने ढाक्याच्या मेट्रोला सल्ला दिला आहे. मग आणखी एका संस्थेची गरज काय? उत्तर असे, की वैद्यकात जसे सर्वसाधारण चिकित्सक आणि तज्ज्ञ असे दोघेही लागतात, तसेच अभियांत्रिकीतही आहे. डोंगर, दरड आणि अतिवृष्टी हा कोकण रेल्वेचा विशेष अभ्यास आहे. हिमालयापासून आग्नेय आशियापर्यंत अनेक प्रदेशांची अडचण हीच आहे.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. याच महामंडळाने ‘स्कायबस’चा घाट घातला, २००४ मध्ये मडगावच्या चाचणीत एका कर्मचाऱ्याचा बळी गेला आणि पुढे तो प्रकल्प गुंडाळावा लागला. हे अपयश निर्विवाद आहे. परंतु गाड्यांची टक्कर टाळणाऱ्या यंत्रणेचा देशी प्रयोगही त्याच काळात कोकण रेल्वेनेच केला. पुढे रेल्वेच्या संशोधन संस्थेने ‘कवच’ नावाची वेगळी प्रणाली विकसित केली. तथापि असे यंत्र आपल्या देशात घडू शकते, हा विश्वास त्या आधीच्या प्रयोगाने दिला होता. प्रयोगाला शिस्त लावावी. प्रयोगशाळेला कुलूप लावू नये.

तिसरी अट

विलीनीकरणाला विरोध करण्याचे कारण नाही. मार्गाचा बहुतांश भाग अजून एकेरी आहे. २०२१ मध्ये रोहा–वीर टप्पा दुहेरी झाला, २०२२ मध्ये विद्युतीकरण पूर्ण झाले. पण पुढील दुहेरीकरणाला लागणारा निधी महामंडळाच्या कुवतीबाहेरचा आहे. केंद्राच्या अर्थसंकल्पातून तो मिळणार असेल तर कोकणवासीयांनी त्याचे स्वागतच करावे. भीती आहे ती वेगळी. विशाल यंत्रणेत सामावताना अनुभवी अभियंते देशभरच्या विभागांत विखुरतील, साडेतीन दशकांच्या नोंदी कपाटांत जातील आणि पुढच्या वेळी दरड कोसळली की सल्ल्यासाठी परदेशी संस्थेच्या नावे निविदा निघेल.

हे टाळायचे तर विलीनीकरणाच्या करारातच कोकण रेल्वेच्या प्रकल्प व सल्ला विभागाला स्वायत्त संस्थेचे रूप द्यावे आणि तिचे केंद्र रत्नागिरीत असावे. कोकण रेल्वेचे विभागीय कार्यालय येथे आहे, बोगदे आणि पूल हाकेच्या अंतरावर आहेत, शासकीय तंत्रनिकेतन आणि अभियांत्रिकी महाविद्यालय शहरात आहे. भूगर्भशास्त्र, बोगदा अभियांत्रिकी आणि उतारांची सुरक्षितता यांचे पदव्युत्तर शिक्षण येथे सुरू व्हावे. सर्व बोगद्यांच्या व कटिंगच्या नोंदी अभ्यासकांना खुल्या कराव्यात. ज्या कुटुंबांनी या मार्गासाठी जमिनी दिल्या, त्यांच्या मुलामुलींना या शिक्षणात प्राधान्य मिळावे.

कोकणाने पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या मनिऑर्डरीची वाट पाहिली. रेल्वे आली तेव्हा वाटले, माणसे परत येतील. प्रत्यक्षात बाहेर जाणे तेवढे सोपे झाले. रत्नागिरीच्या तरुणाने नेपाळमधील बोगद्याचे संकल्पचित्र रत्नागिरीत बसून तयार करावे, अशी व्यवस्था आज शक्य कोटीतली आहे. कोकणच्या खासदार-आमदारांनी नावाचा आग्रह धरला, हे योग्यच झाले. करारावर अंतिम स्वाक्षऱ्या होण्यापूर्वी त्यांनी विद्येचाही आग्रह धरावा, आणि त्यांनी तो धरला की नाही हे कोकणातील मतदारांनी त्यांना विचारावे.