बुडत्या एसटीत लागावे काय?

मूर्तिजापूरकडचा एक तरुण परवा अकोल्याच्या बसस्थानकासमोरच्या चहाच्या टपरीवर आम्हाला भेटला. वडील एसटीत चालक होते, सेवेत असतानाच वारले. अनुकंपेच्या यादीत त्याचे नाव आहे. अवजड वाहनाचा परवाना त्याने काढून ठेवला आहे. जयभीम घालून बसला आणि बसताच विचारता झाला, "काका, एसटीत लागू का नोको? सारे म्हणतात महामंडळ बुडून रायलं. मामा म्हणते पुण्याले चाल, चाकणले काम पाहू. अन् दोस्त म्हणते, थांब, ठेकेदाराकून ड्रायव्हर घेऊन रायले, पगार तीस हजार."

हा प्रश्न त्या एका पोराचा नाही. अमरावती, अकोला, वाशिमच्या वस्त्यावस्त्यांतून तो आज विचारला जातो आहे. म्हणून त्याचे उत्तर चारचौघांत, याच स्तंभातून द्यावे असे आम्हाला वाटले.

आधी खरे ते कबूल करू. एसटीची अवस्था वाईट आहे. संचित तोटा दहा हजार कोटींच्या वर गेला, हे 2025 च्या श्वेतपत्रिकेने स्वतःच सांगितले. एक लाखाच्या घरात असलेले कर्मचारी आज नव्वद हजारांच्या आत आले आहेत. अठरा हजारांवर असलेल्या गाड्या पंधरा हजारांच्या आसपास उरल्या. मार्च 2025 चा पगार एप्रिलमध्ये हातात पडला तो 56 टक्के. कर्मचाऱ्यांच्या भविष्य निर्वाह निधीचा आणि उपदानाचा भरणा थकला. सरकारी कर्मचाऱ्यासारखे निवृत्तिवेतन एसटीवाल्याला नाहीच. राज्य शासनात विलीनीकरण करा, म्हणून 2021 च्या दिवाळीत सुरू झालेला संप एप्रिल 2022 पर्यंत चालला. त्या काळात काही कामगारांनी आत्महत्या केल्या, हजारो बडतर्फ झाले आणि विलीनीकरण मात्र झाले नाही. हे सारे ठाऊक असलेली आई पोराला "तिथं जाऊ नको" म्हणत असेल तर तिला दोष देता येणार नाही.

परंतु मित्रांनो, बुडणे बुडण्यात फरक असतो. मुंबईची फिनले गिरणी अचलपुरात आली तेव्हा त्या भागातल्या पोरांना हत्तीचे बळ आले होते. 2020 च्या टाळेबंदीत ती थांबली आणि कामगार रस्त्यावर आला. बीएसएनएलमधून 31 जानेवारी 2020 या एकाच दिवशी सुमारे 78 हजार कर्मचारी स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाहेर पडले, म्हणजे दर दोघांमागे एक! तिथे ग्राहक दुसऱ्या कंपन्यांकडे निघून गेला होता. एसटीचा ग्राहक कुठे गेला आहे? धारणीचा कोरकू, तेल्हाऱ्याची मजूर बाई, दर्यापूरहून अमरावतीला कॉलेजात येणारी आमची मुलगी आजही फाट्यावर उभी आहे. ऑगस्ट 2022 पासून 75 वर्षांवरील वृद्धांना मोफत आणि मार्च 2023 पासून महिलांना अर्ध्या तिकिटात प्रवास सुरू झाल्यावर तर गाडीत पाय ठेवायला जागा मिळेना. रोज पन्नास लाखांवर माणसे एसटीने जातात. प्रवासी आहे, गाडी नाही. गिऱ्हाईक दारात उभे असताना दुकान तोट्यात जात असेल, तर दोष गिऱ्हाइकाचा नसतो आणि काउंटरवरच्या पोराचाही नसतो.

मग कोणाचा? तिकिटावर साडेसतरा टक्के प्रवासी कर सरकारने लावला. सवलती जाहीर सरकारने केल्या आणि त्यांची भरपाई थकवली तीही सरकारनेच. नवीन गाड्यांची खरेदी वर्षानुवर्षे रेंगाळली. पैसा मिळवून देणारे लांब पल्ल्याचे मार्ग खाजगी ट्रॅव्हल्सवाल्यांनी पळवले आणि मेळघाटातला घाट तेवढा एसटीच्या वाट्याला ठेवला. एसटी म्हातारी होऊन मरत नाही, तिला उपाशी ठेवले जात आहे. उपाशी ठेवलेल्याला पुन्हा जेवू घालता येते, मेलेल्याला नाही.

आता चळवळीच्या माणसाने एक जुनी गोष्ट आठवावी. मुंबईच्या कापड गिरण्यांत विणकर खात्यात पगार जास्त होता. तुटलेला धागा तोंडाने ओला करून जोडावा लागतो, तो बाटेल, या कारणाने अस्पृश्य कामगाराला त्या खात्यात प्रवेश नव्हता. 1928 च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला. ते दार हळूहळू उघडेपर्यंत काही दशके गेली आणि 1982 च्या संपानंतर गिरण्याच उरल्या नाहीत. पुढे 1990 मध्ये बौद्धांना केंद्रात अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या आणि लगेच 1991 मध्ये खाउजा आले: खाजगीकरण, उदारीकरण, जागतिकीकरण. आमच्यासाठी दार उघडते तेव्हाच घराचे वासे का काढले जातात, याचा विचार ज्याचा त्याने करावा. पण वासे काढणारा पाहून आपण स्वतःच दारातून मागे फिरलो, तर त्याचे काम आणखी सोपे होते.

म्हणून आम्ही त्या पोराला म्हणालो, "महामंडळ बुडतं का, हे नंतर पाय. पहिले हे पाय, की तुया कागदावर सही कोणाची राहीन."

सारा प्रश्न इथे आहे. सप्टेंबर 2025 मध्ये परिवहन मंत्री प्रताप सरनाईक यांनी 17,450 चालक आणि सहाय्यक कंत्राटी पद्धतीने, तीन वर्षांसाठी घेण्याचे जाहीर केले. पगार तीस हजारांच्या आसपास. आकडा वाचून पोरं हरखली. पण गणवेश एसटीचा, गाडी एसटीची, शिव्या प्रवाशांच्या आणि मालक मात्र ठेकेदार, अशी ही नोकरी आहे. महामंडळ सरळसेवेने माणूस घेते तेव्हा बिंदुनामावली असते, अनुसूचित जातीचे 13 टक्के आणि जमातीचे 7 टक्के मोजावे लागतात. ठेकेदाराला कसली बिंदुनामावली? खाजगी कंपन्यांमार्फत सरकारी कामासाठी माणसे भरण्याचा सप्टेंबर 2023 चा शासन निर्णय लोकांच्या संतापामुळे ऑक्टोबरात रद्द करावा लागला होता. तीच गोष्ट नाव बदलून आली, एवढेच.

आणि संपाचा अनुभव काय सांगतो? बडतर्फ झालेले कायम कामगार न्यायालयाच्या आदेशानंतर कामावर परत आले. संपकाळात गाड्या चालवण्यासाठी जे चालक कंत्राटावर घेतले होते, त्यांना गरज सरताच 2022 मध्ये घरी पाठवले. ती पोरंही गरिबाचीच होती. कायम कामगाराच्या मूळ वेतनात नोव्हेंबर 2021 मध्ये अडीच ते पाच हजारांची आणि सप्टेंबर 2024 मध्ये साडेसहा हजारांची वाढ झाली ती संपामुळे. ठेकेदाराच्या माणसाने संप केला तर दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी दुसरा बसतो. बुडत्या महामंडळाच्या कायम कामगाराला भांडायला जागा आहे. ठेकेदाराच्या कामगाराला उभे राहायलाही जागा नाही.

राहिला चाकणचा पर्याय. तिथेही आमच्या वऱ्हाडातल्या पोराला कंपनी थेट घेते, असे क्वचितच. तिथेही ठेकेदारच, शिवाय खोलीचे भाडे, खाणावळ आणि गावाकडे एकटी आई. मोठ्या पगारातून हे सारे वजा करून मग बेरीज करावी. बेरीज खरोखर जास्त येत असेल तर खुशाल जावे. एसटीत लागणे हे काही व्रत नाही.

म्हणजे आमचे उत्तर असे: महामंडळाच्या सहीची, कायम जागेची नोकरी मिळत असेल तर डोळे उघडे ठेवून घ्यावी. मात्र तिथे निवांत झोपण्यासाठी जाऊ नये. वडिलांच्या पिढीने एसटीत तीस वर्षे काढली आणि मुले शिकवली, ते दिवस परत येतील असे गृहीत धरू नये. भविष्य निर्वाह निधीचा भरणा झाला की नाही हे दर काही महिन्यांनी तपासावे. ड्युटीच्या आधी नाहीतर नंतर दोन तास अभ्यास सोडू नये. पदवी पूर्ण करावी, खात्यांतर्गत आणि बाहेरच्याही परीक्षा द्याव्यात. लागल्या दिवशी संघटनेचा सभासद व्हावे आणि तिथे फक्त पगारवाढीचे न बोलता कंत्राटाचे आणि बिंदुनामावलीचे बोलावे. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, असे बाबासाहेबांनी 1938 मध्ये मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत सांगितले होते. एकाशीच लढणारी संघटना आपल्या कामाची नाही. आणि कोणी "साहेबाशी ओळख आहे, दोन लाख दे, तुझे काम करतो" म्हणाला तर त्याला चहासुद्धा पाजू नये. ज्या एसटीला पगार देणे जड जाते, तिच्या नोकरीसाठी बापाचा वावर गहाण टाकणे म्हणजे शुद्ध वेडेपणा.

तो पोरगा सगळे ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, "म्हणजे काका, पाणी शिरलेल्या नावेत बसायचंच?" आम्ही म्हणालो, "नाव आपली असंन त बसायचं आन् पाणी उपसायचं. भाड्याच्या नावेत बसला, त नाववाला मधातच उतरून देते."

मूर्तिजापूरची गाडी लागली होती. गर्दी एवढी, की त्याला पायरीवरच उभे राहावे लागले. अशी भरलेली गाडी तोट्यात का जाते, हा प्रश्न विचारणारा एक तरी माणूस उद्या तिच्या आत, गणवेशात असावा असे आम्हाला वाटते.

जयभीम!