बायपास मोफत, पथ्य मात्र परक्या ताटाचे!

महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाच्या जन आरोग्य योजनेमुळे आमच्या वस्तीतला हमाल, सफाई कामगार आज बायपासच्या टेबलापर्यंत पोहोचतो. हे आम्ही नाकारत नाही. आमचा प्रश्न डिस्चार्जच्या दिवसाचा आहे. हातात पडणारा कागद अनेकदा इंग्रजीत असतो, त्यावर ओट्स, ऑलिव्ह ऑइल, अक्रोड. आणि तोंडी हुकूम एकच : "मटण-मच्छी बंद, शाकाहारी व्हा."

हे विज्ञान आहे की सोवळे?

ऑपरेशनसाठी कापलेले छातीचे हाड सांधायला साधारण ६ ते ८ आठवडे जातात. त्या काळात शरीराला प्रथिने हवीत. चरबीचे मांस टाळा, हे आम्हालाही मान्य आहे. पण उकडलेले अंडे, ताजी मासळी कोणत्या हृदयशास्त्राला बाटवते? उलट वनस्पती तूप, तळलेला वडा, पापड, लोणचे 'शाकाहारी' म्हणून बिनबोभाट सुटतात. मीठ दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी असावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ते मीठ खारवलेल्या मासळीत मोजा, तसे लोणच्यातही मोजा.

झडप बदललेल्या रुग्णांचे हाल तर वेगळेच. संधिवाताच्या तापाने झडप निकामी होणे हा दाटीवाटीच्या, गरीब वस्त्यांचा आजार. धातूची झडप बसली की रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर. वॉरफेरिनसारख्या गोळीचा असर पालक, मेथीतल्या 'के' जीवनसत्त्वाने कमी होतो. म्हणून पालेभाजी सोडायची नसते. तिचे प्रमाण दर आठवड्याला सारखे ठेवायचे आणि रक्ततपासणी चुकवायची नाही. हे मराठीत कुणी सांगत नाही. मग भाजी स्वस्त झाली की रोज, महागली की महिनाभर शून्य; एकीकडे रक्तस्राव, दुसरीकडे झडपेत गुठळी.

संविधानाचे कलम ४७ सांगते, जनतेचे पोषणमान उंचावणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य आहे. शेजारचे कलम ४८ गोवंशाचे. २०१५ साली सरकारला ४८ आठवले, गरिबाचे स्वस्त मांस गेले. ४७ कधी आठवणार?

आमची मागणी साधी आहे. पथ्याचा कागद मराठीत, चित्रांसह हवा. तो ज्वारीची भाकरी, डाळ, अंडे आणि रेशनच्या धान्यावरून लिहा. आहारतज्ज्ञाने आधी विचारावे, "घरी काय शिजते?" आणि स्वयंपाक करणाऱ्यालाही समोर बसवावे. लाखोंचे ऑपरेशन करून रुग्णाला अज्ञानाच्या हवाली करणे, याला आम्ही उपचार म्हणत नाही.

जयभीम!