गोदामातली मांजरं म्हातारी झाली तेव्हा



मागच्या चतुर्दशीला मंदिरात पूजा आटोपल्यावर एका काकूंनी सगळ्यांसमोर विचारलं, "अगं, तुझ्याकडे ती मांजरं आहेत ना अजून? त्यांना ते पाकिटातलं खाणं घालतेस म्हणे. जैनाच्या घरात हे शोभतं का? सोडून दे कुठेतरी मासळीबाजाराजवळ. पाप कशाला डोक्यावर घेतेस?" मी नुसतं "बघते, काकू" म्हणाले. पण धामणकर नाक्यापासून घरापर्यंत रिक्षात तेच डोक्यात घोळत होतं. तेव्हा सुचलं नाही ते उत्तर आज लिहिते.

ही मांजरं मी हौसेने आणलेली नाहीत. आमचं यार्नचं गोदाम आहे. भिवंडीत ज्यांच्या घरी सुताचा धंदा आहे त्यांना उंदरांचा त्रास सांगायला नको. बॉक्स कुरतडतात, कोन खराब करतात. आम्ही विषाच्या गोळ्या कधी ठेवल्या नाहीत आणि त्याचा आम्हाला अभिमान होता. पण गोदामात चार मांजरं होती: मनी, काळी, लंगडी आणि गुंड्या बोका. वॉचमन त्यांना संध्याकाळी थोडं दूध घालायचा. ती तिथे कशासाठी आहेत हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. विष आम्ही घातलं नाही, पण उंदीर मरत होतेच आणि माल आमचाच वाचत होता.

दहा-बारा वर्षांनी मांजरं थकली. उंदीर समोरून गेला तरी उठेनात. तेव्हा पोत्यात घालून खाडीपलीकडे सोडायचं ठरलं. मला ते सहन झालं नाही. मी चौघांना घरी आणलं.

आणि इथेच माझी पहिली चूक झाली. जैन घर, म्हणून दूध-पोळी. वर्षभर मी त्यांना तेवढंच दिलं आणि मनात समाधान की चला, चार जीव हिंसेतून सुटले. हळूहळू मनी भिंतीला धडकायला लागली. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की तिला जवळजवळ दिसत नाही. मांजरीला टॉरीन नावाचा घटक अन्नातूनच पुरेसा मिळावा लागतो. तो मांसात असतो. दुधात नावाला, पोळीत नाहीच. तो कमी पडला की डोळ्यांचा पडदा खराब होतो, हृदयही कमजोर होतं. "तुमच्या दूध-पोळीमुळेच झालं असं खात्रीने सांगता येणार नाही, पण त्या आहारावर मांजर नीट जगत नाही," एवढंच ते म्हणाले. मला तेवढं पुरलं. शिवाय मोठ्या झालेल्या बऱ्याच मांजरांना दूध पचतही नाही. लंगडीचे जुलाब त्यामुळेच होते.

दुसरी चूक रात्रीच्या पाण्याची. आमच्या घरी चौविहार. सूर्यास्तानंतर ओटा स्वच्छ, भांडी पालथी. त्यात मांजरांची पाण्याची वाटीही पालथी व्हायची. काळी रात्रभर मोरीत जाऊन ओली फरशी चाटायची. तिची किडनी खराब होत चालली होती. अशा मांजरीला सारखी लघवी होते आणि सारखी तहान लागते. चौविहार माझा होता. तिने तो कधी घेतला होता?

आता धर्माचं. काकू म्हणतात ते खोटं नाही. श्रावकाने टाळायच्या पंधरा कर्मादानांत असतीपोषण आहे आणि हिंस्र प्राणी पाळणं त्यातच धरतात. म्हणून हौसेने मांजर आणू नये, हे मलाही मान्य आहे. कोणी पिल्लू आणायचं म्हटलं तर मी नकोच म्हणेन. पण तत्त्वार्थसूत्रात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत: बांधणं, मारणं, अवयव तोडणं, जास्त ओझं लादणं आणि पाचवा अन्नपाननिरोध. म्हणजे आपल्यावर अवलंबून असलेल्या जीवाचं अन्नपाणी अडवणं. जो जीव आधीच आपल्या दारात म्हातारा झाला आहे, त्याच्या बाबतीत मला हा पाचवा अतिचार जास्त जवळचा वाटतो. धंदा चालू असताना तिची हिंसा चालली आणि म्हातारपणी तिचं खाणं पाप झालं, हा हिशोब मला पटत नाही.

आपल्या समाजाने हा प्रश्न पूर्वीही सोडवला आहे. दिल्लीत लाल मंदिराच्या आवारात जैनांचं पक्षी रुग्णालय आहे. तिथे शाकाहारी पक्ष्यांना दाखल करून घेतात. घार, ससाणा यांना आत ठेवत नाहीत, पण बाहेरच्या बाहेर उपचार करतात, परत पाठवत नाहीत. मुंबईत १८३२ साली मोकाट कुत्री मारण्यावरून दंगल झाली आणि १८३४ साली पांजरपोळ उभी राहिली, त्यामागे पारशी शेठ होते तसे आपले व्यापारीही होते. कुत्रं काय शाकाहारी असतं? मरत्या कुत्र्याच्या कानात णमोकार मंत्र म्हणणाऱ्या जीवंधरकुमारांची गोष्ट आपण मुलांना सांगतोच.

कोणी म्हणतं, म्हातारी झाली, खाणं सोडलं, म्हणजे तिची सल्लेखनाच समज. मैत्रिणींनो, सल्लेखना हे जाणून, समजून, आज्ञा घेऊन स्वीकारलेलं व्रत आहे. मांजर खात नाही कारण तिचा दात दुखतो किंवा तिला मळमळतं. आपल्याला उपवास झेपतो. मांजर, त्यातही जाडी मांजर, दोन-तीन दिवस उपाशी राहिली तर तिच्या यकृतात चरबी साचून ती दगावू शकते. एक दिवस खाल्लं नाही तर दुसऱ्या दिवशी डॉक्टर, हा माझा नियम आहे.

चार मांजरं असली की खरी अडचण ही, की कोण खातं आणि कोण नाही ते कळत नाही. वाटी रिकामी दिसते, पण सगळं गुंड्याने खाल्लेलं असतं. म्हणून वाट्या वेगळ्या, जागा वेगळ्या. मातीचे ट्रे मांजरांपेक्षा एक जास्त आणि कमी उंचीचे, कारण गुडघे त्यांचेही दुखतात. खिडकीखाली मी एक पाट ठेवला आहे, त्यावरून लंगडी वर चढते. महिन्यातून एकदा वजन: आधी मांजरीला घेऊन काट्यावर उभी राहते, मग एकटी. फरक वहीत लिहिते. चार किलोच्या मांजरीचं चारशे ग्रॅम उतरलं तर ते साठ किलोच्या बाईचं सहा किलो उतरल्यासारखं आहे. भरपूर खाऊनही वजन उतरत असेल तर थायरॉईड किंवा साखर तपासून घ्यायची. बोका लघवीसाठी सारखा बसतो आणि होत नाही, तर त्याच दिवशी धावायचं, सकाळची वाट बघायची नाही. आणि ताप वाटला म्हणून आपली पॅरासिटामॉल कधीही देऊ नका. एक गोळीही मांजरीचा जीव घेते. कांदा-लसूणही त्यांना विषारी. तेवढ्यापुरतं आपलं स्वयंपाकघर आयतंच सुरक्षित आहे!

राहिला पाकिटाचा प्रश्न. ते मागच्या गॅलरीत असतं, त्याचा चमचा वेगळा, कपाट वेगळं. स्वयंपाकघरात ते येत नाही. टॉरीन बाहेरून घातलेलं शाकाहारी मांजरखाद्यही निघालं आहे. मी डॉक्टरांना विचारलं होतं. काळीच्या किडनीचं पाहता तिच्यावर प्रयोग नको, असं ते म्हणाले. मला पाकीट उघडताना अजूनही वाईट वाटतं. वाटायलाच हवं. त्याचं प्रायश्चित्त मी प्रतिक्रमणात माझ्या नावावर करते, मांजरीच्या पोटावर नाही.

सासूबाई त्या कपाटाला हात लावत नाहीत आणि मी त्यांना कधी सांगतही नाही. पण संध्याकाळी चौविहाराआधी मांजरांच्या वाटीत गाळलेलं पाणी त्याच भरून ठेवतात. परवा म्हणाल्या, "सूनबाई, काळी आज कमी प्यायली गं, बघ जरा."

काकू, तुम्ही हे वाचत असाल तर राग मानू नका. नवीन मांजर आमच्याकडे येणार नाही. पण ही चार आमच्या दारातच म्हातारी झाली आहेत, ती आमच्या दारातूनच जातील. आणि तुमच्यापैकी कोणाच्या गोदामात अशी थकलेली मांजर असेल तर पोतं शोधण्याआधी एकदा तिचं वजन करून बघा.