भीती किरणांची, दुर्लक्ष भाताकडे

मायक्रोवेव्ह सुरू झाला की अनेक घरांत मुलांना स्वयंपाकघराबाहेर पिटाळले जाते. आणि सकाळपासून ओट्यावर राहिलेला भात रात्री त्यातच मिनिटभर गरम करून त्याच मुलांच्या ताटात पडतो. धोका कशात आहे, हे नेमके उलटे समजले गेले आहे.

या लहरी रेडिओलहरींच्याच जातीच्या. त्या अन्नातील पाण्याचे रेणू हलवतात, त्यातून उष्णता निर्माण होते. अन्न किरणोत्सारी होत नाही. दार उघडताच लहरी थांबतात. दार वाकले असेल किंवा नीट लागत नसेल, तर मात्र ओव्हन वापरू नये.

भाताचे तसे नाही. बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवल्यावरही तगून राहतात. भात तासन्‌तास बाहेर राहिला की हे जिवाणू वाढतात, विष तयार करतात. उलट्या घडवणारे हे विष पुन्हा तापवूनही नष्ट होत नाही. उरलेला भात पसरट भांड्यात लवकर निववून फ्रिजमध्ये गेला पाहिजे.

शिवाय लहरी अन्नात दोन-तीन सेंटीमीटरच शिरतात. म्हणून आमटीला कडेने वाफा आणि मध्ये गारठा! अधूनमधून ढवळावे, नंतर दोन मिनिटे झाकून ठेवावे. बाळाची दुधाची बाटली तर यात तापवूच नये. ती हाताला कोमट लागते, पण आतले दूध तोंड भाजेल इतके कढत असू शकते. आणि घरोघरी जपून ठेवलेले श्रीखंडाचे प्लास्टिकचे डबे? ते फ्रिजपुरतेच बरे.